टीम नव्या सिस्टीमवर येईना: शेवटी काय कामी आलं

लक्षण: मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, पण नव्या सिस्टीममध्ये मालाच्या नोंदी अर्धवट आणि जुनी एक्सेल शीट गुपचूप चालूच. पुन्हा ट्रेनिंग, वरिष्ठांचा मेल, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वैताग नुसता.

कामी आलं ते असं. आधी एकेकाच्या शेजारी बसून खरी नोंद होताना पाहिली. ('अडचण काय?' विचारलं की उत्तर 'काही नाही' असंच येतं.) तिथे कळलं: माल अर्धाच आला तर ते नोंदवायला रकानाच नव्हता. तो जोडून घेतला. मग सर्वांसमोर तारीख ठरवून जुनी शीट फक्त वाचण्यापुरती ठेवली. डिलीट नाही, जुने संदर्भ लागतात. त्यानंतर आढावा फक्त नव्या सिस्टीमच्या रिपोर्टवरून. रकान्याआधी शीट बंद केलीत, तर लोक वहीत लिहायला लागतील.