गिनीपिगच्या पिंजऱ्याला वास येतो? फिनाईलची बाटली आधी खाली ठेवा

मे महिन्यात आणि दिवाळीत गावाला जाणारी मंडळी आपले गिनीपिग माझ्याकडे सोडून जातात. प्राणी आला की मी आधी त्याचे तळपाय बघते, मग पिंजऱ्याचा वास घेते. घरी काय चालतं ते एवढ्यावर कळतं, मालकाला विचारायची गरज पडत नाही. चुका दरवर्षी त्याच.

पहिली चूक दुकानातच होते. तिथे जो पिंजरा गळ्यात मारतात तो मुळात पक्ष्यांचा नाहीतर हॅमस्टरचा. खाली तारेची जाळी, वर जिना, आत चाक. जाळीतून लेंड्या ट्रेमध्ये पडतात, साफसफाई सोपी, असं दुकानदार सांगतो. सोपी कोणाला? गिनीपिगच्या तळव्यांना केस नसतात. दिवसरात्र तारेवर उभं राहून ते लाल होतात, सुजतात, कातडी फाटून जंतू शिरतात. हाडापर्यंत गेलं की महिनोन्महिने मलमपट्टी. चाकाने पाठीचा कणा दुखावतो, ते काढून टाका. जिनाही काढा. हा प्राणी चढणारा नाही, पळणारा आहे. त्याला सपाट जागा लागते.

किती? दोघांसाठी दोन फूट बाय चार फूट, हे कमीत कमी. (दोघं, कारण एकटा गिनीपिग कुढतो.) ‘फ्लॅटमध्ये एवढी जागा कुठे?’ हा प्रश्न मला पाठ आहे. दिवाणाखाली बघा, टीव्हीच्या टेबलाखाली बघा. क्लासच्या जाहिराती खांबाला लटकतात ना, ते सनपॅक. फ्लेक्सवाल्याकडे त्याचा मोठा तुकडा मिळतो. कडा दुमडून तळ करायचा, भोवती जाळीचे चौकोन केबल टायने बांधायचे. दुकानातल्या पिंजऱ्याहून स्वस्त पडतं. आणि वासाचं निम्मं उत्तर इथेच आहे, कारण तेवढंच मूत्र मोठ्या जागेत पसरतं आणि लवकर सुकतं.

आता फिनाईल. एका पावसाळ्यात एक जोडपं दोन गिनीपिग घेऊन आलं. पिंजरा लखलखीत. ‘ताई, आम्ही रोज सकाळी फिनाईलने पुसतो, घाण म्हणून नाही.’ पिंजरा खाली ठेवला आणि दोघं शिंकायला लागले. एकाच्या नाकाशी वाळलेला चिकटा, डोळ्यांच्या कडा ओल्या. वर्तमानपत्राचा एकेरी कागद उचलला तर खाली सगळं ओलंगच्च, आणि फिनाईलच्या वासाआडून अमोनियाचा असा भपका आला की माझ्याच डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी औषध दिलं, मी अंथरूण बदललं, शिंका हळूहळू थांबल्या. मालकांना तरीही वाटत होतं की हवा बदलल्याचा परिणाम.

हवा नव्हे हो. साचलेल्या मूत्राचा अमोनिया होतो आणि गिनीपिगचं नाक जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर. श्वासनलिका चुरचुरत राहिली की फुप्फुसाचे जंतू आयतेच शिरतात. फिनाईल तो अमोनिया घालवत नाही, त्यावर स्वतःची वाफ चढवतं. ब्लीच तर मुळीच नको. मूत्रावर पडलं की त्यातून विषारी वायू निघतो.

पांढरं व्हिनेगर निम्मं, पाणी निम्मं, एवढ्यावर माझं भागतं. तळाला जो पांढरा थर चिकटतो तो मूत्रातल्या कॅल्शियमचा. साबणाने घासून हात दुखतील, व्हिनेगर ओतून ठेवलं तर तो आपोआप सुटतो. मग साध्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळवायचं. गिनीपिग खाताना मुततात, म्हणून मी वाळकं गवत एकाच कोपऱ्यात ठेवते, खाली जुना जाड टॉवेल, आणि तो रोज संध्याकाळी बदलते. बाकीचं अंथरूण तीन-चार दिवसांनी. ज्यांना हेही जमणार नाही त्यांनी मासे पाळावेत. खरं तर मासेही नकोत.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. धूळ नाकात जाते, आणि लाकूड कोणतं ते वखारवाल्यालाही सांगता येत नाही. पाइन, देवदार असेल तर त्यातली तेलं बाधतात. त्यापेक्षा वर फ्लीसचं कापड (मऊ, लोकरीसारखं, हलक्या ब्लँकेटचं असतं ते), खाली पाणी शोषणारे टॉवेल. फ्लीस धुताना सुगंधी कंडिशनर घातलात तर कापडातून पाणी खाली उतरतच नाही, वरच डबकं साचतं. पावसाळ्यात दोन जोड पुरत नाहीत, तीन ठेवा. दमट फ्लीसवर राहून प्राण्याला गजकर्ण होण्याचा धोका वाढतो आणि ते प्राण्यावरून मुलांच्या हातावर येतं.

गवताचंही तेच. पिशवी उघडी राहिली, कुबट वास आला, काळे ठिपके दिसले, की टाकून द्या. पैसे गेले म्हणून हळहळू नका. पावसाळ्यात थोडं थोडं आणा, कापडी पिशवीत उंचावर टांगा.

मुंग्या आल्या म्हणून पिंजऱ्याभोवती खडूची रेघ ओढणारे महाभाग आहेत. तो खडू म्हणजे कीटकनाशक. दुधाच्या पातेल्याखाली परात ठेवतो तसं टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. डांबर गोळ्याही नकोत.

आंघोळ घालू नका. ढुंगण माखलं असेल तर तेवढंच कोमट पाण्याने धुवा आणि नीट पुसा.

पाण्याची बाटली रोज विसळा, टोकाची गोळी बोटाने दाबून थेंब येतो का बघा.

तो स्वतःची मऊ लेंडी खातो, खाऊ द्या.

सशाबरोबर ठेवू नका. सशाला काहीही न होता त्याच्या श्वासातले जंतू गिनीपिगला आजारी पाडतात.

बाल्कनीत पिंजरा ठेवण्याचा हट्ट असेल तर मांजर आणि घुशी आहेतच, पण खरा शत्रू ऊन. पारा तिशीपलीकडे गेला की गिनीपिग धापा टाकायला लागतो, आणि आपल्याकडे मार्चपासून तो जातोच. घरात आणा, गोठवलेली बाटली रुमालात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवा.

आणि शिंकतोय म्हणून घरातली उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी चुरडून देऊ नका. पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि मागोमाग प्राणीही मरतो. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना याची सवय नसते, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच स्पष्ट विचारा: गिनीपिग बघता का?