स्पेलिंग पाठ नका करू, शब्द तोडा

यवतमाळकडच्या आमच्या गावात पोरं स्पेलिंग घोकतात ती एकेक अक्षर मोजत: सी, ओ, टी, टी, ओ, एन. मधलं एखादं सुटलं की अख्खा शब्द गेला. म्हणून मी आधी सिलॅबल, म्हणजे शब्दाचे बोलताना पडणारे तुकडे, पाडायला शिकवते.

एका सिलॅबलमध्ये एकच स्वर ऐकू येतो. हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्यांदा हाताला लागेल, तितके सिलॅबल. कॉटन दोनदा, टोमॅटो तीनदा, केक एकदाच. इथे हमखास प्रश्न येतो, "पण मॅडम, शेवटी ई आहे ना जी?" आहे, पण तो स्वतः बोलत नाही, आधीच्या ए ला लांब बोलायला लावतो. मोजायचा तो कानाला आलेला स्वर. आपल्याकडे स्कूलचं इस्कूल नि फिल्मचं फिलिम होतं, तेही हात धरला की पोरांचं पोरांनाच कळतं: हे दोन्ही शब्द एकेक सिलॅबलचेच.

आता अक्षरं. दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं असली तर बहुधा त्यांच्या मधून तोडा: सी-ओ-टी, टी-ओ-एन. एसएच, सीएच, टीएच या जोड्या मात्र फोडू नका. व्यंजन एकच असेल तर आधी पुढच्या तुकड्याला द्या: टी-आय, जी-ई-आर. पहिला तुकडा स्वरावर उघडा राहिला, म्हणून टायगर. 'डिनर' आणि 'डायनर' फळ्यावर शेजारी लिहाच. फरक एका एनचा, पण दुसरा एन आला की पहिला तुकडा बंद होतो आणि आय आखूड होतो. इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. रिव्हरला हे लावलं तर 'रायव्हर' होतं. असा शब्द ओळखीचा नाही, मग व्ही मागे ओढा.

वेन्सडेसारखे शब्द बोलताना दोनच सिलॅबलचे. लिहिताना मनात वेड-नेस-डे म्हणा.

तुकडे पडले की जोर शोधा. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने बोलतो, इंग्रजीत तसं चालत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

सरावाला घरातलं खताचं पोतं घ्या. फर्टिलायझर: एफ-ई-आर, टी-आय, एल-आय, झेड-ई-आर. जोर पहिल्यावर, म्हणून 'टि' दबका. तुकडा बघायचा, म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, मग पुढचा. ते जमलं की फवारणीच्या डब्यावरचं पेस्टिसाइड तोडा, आणि शेवटचा ई मोजू नका.