घरच्या आइस्क्रीममध्ये साखर, क्रीम आणि फळं बदलताना

आइस्क्रीममधली साखर नुसती गोडीसाठी नसते. दुधातलं पाणी पूर्ण गोठू न देण्याचं कामही तीच करते. म्हणून ‘आम्हाला कमी गोड चालतं’ म्हणत साखर निम्मी केली, की डबा दगड होतो आणि चमचा वाकतो. स्टेव्हियाचं तर विचारूच नका: गोडी येते, पण बर्फ रोखायला काहीच उरत नाही.

खालचे सगळे बदल या प्रमाणावर बेतले आहेत: फुल क्रीम दूध 500 मिली, 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम 200 मिली, साखर 120 ग्रॅम, दूध पावडर 20 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 1 मोठा चमचा. कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून उकळत्या दुधात घाला, दोन मिनिटं शिजवा. साखर, पावडर विरघळवून मिश्रण गार करा, क्रीम मिसळा आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवा. मग फ्रीझरमध्ये ठेवून दर दीड-दोन तासांनी, असं दोनदा मिक्सरमधून फिरवा.

फ्रेश क्रीम नसेल तर 50 ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि 150 मिली फुल क्रीम दूध घ्या. फॅट जवळपास तेवढंच भरतं. हे दोन्ही शिजलेल्या मिश्रणात गरम असतानाच मिक्सरमधून मिनिटभर फिरवा, मग गार करा. गार दुधात लोणी मिसळत नाही, जिभेवर कण लागतात. साय वापरायची तर उलट: साय आणि दूध दोन्ही थंडगार हवं, आणि मिक्सर काही सेकंदच. जास्त फिरवलं की लोणी सुटतं.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये साधारण 40 ते 45 टक्के साखरच असते. 250 ग्रॅम घातलं तर वरची साखर आणि दूध पावडर पूर्ण वगळा, दूध 75 मिली कमी करा.

गूळ साखरेच्या वजनाइतकाच, पण उकळत्या दुधात कधीच नाही, दूध फाटतं. चार चमचे पाण्यात विरघळवा, गाळा, गार करा आणि गार मिश्रणात ओता. मधातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. ती वजनाला वजन साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट गोठण रोखते. म्हणून साखरेचा फार तर पाव भाग मधाने बदला. सगळीच बदलली तर आइस्क्रीम जास्तच मऊ राहतं.

हेच गणित द्राक्षांना लागू पडतं, कारण त्यांतली साखरही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते, आणि नाशकात फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरात द्राक्षं असतात. ताज्या द्राक्षांचा रस तसाच ओतला तर पाणी फार होतं, बर्फाचे खडे येतात. एक किलो बिनबियांची द्राक्षं पाव वाटी पाण्यात मऊ शिजवा, चेचून गाळा आणि रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. काळी द्राक्षं असतील तर सालासकट शिजवा, रंग सालातच असतो. या अर्काचे 200 मिली घालताना साखर 60 ग्रॅमवर आणि दूध 400 मिलीवर आणा. हंगामाच्या सुरुवातीची आंबट द्राक्षं असतील तर साखर 80 ग्रॅम ठेवा. अर्क आणि मिश्रण दोन्ही थंड हवं. आंबटपणामुळे मिश्रण जरा दाटलं तर चालेल, गरम दुधात मात्र पार फाटेल.

पेरूचं काम सोपं. त्यातल्या पेक्टिनमुळे मिश्रण आपोआप दाट होतं. 250 ग्रॅम गाळलेला गर घातला की कॉर्नफ्लोअर लागत नाही. अननस आणि पपई न शिजवता घालू नका, त्यांतल्या एन्झाइममुळे दूध कडवट होतं. पाच मिनिटं उकळून, गार करून घाला.

तरीही दगड झालाच, तर डबा फ्रिजमध्ये वितळू द्या, दोन मोठे चमचे मध घालून फिरवा आणि पुन्हा गोठवा. उलट, रात्रभर ठेवूनही पातळ राहिलं तर साखर जास्त झाली आहे: 100 मिली गार दूध आणि एक चमचा दूध पावडर घालून फिरवा.