जीपींसाठी (जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी) पोटाच्या आजारांचं केस-सेशन कसं घ्यायचं

तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी सेशन घेताय तर पहिल्या स्लाइडवर आजाराचं नाव टाकूच नका, तिथेच केस संपते. पेशंट ओपीडीत "डॉक्टर, ॲसिडिटी होतेय" म्हणत येतो, आपणही तिथूनच सुरू करायचं.

समजा ५४ वर्षांचा शेतकरी, तीन महिने पोट जड, करपट ढेकर, पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करायची गोळी) घेतलं की चार दिवस बरं. एवढं सांगून थांबा आणि विचारा, अजून काय विचाराल? मग गप्प बसा, शांतता झाली तरी उत्तर आपण द्यायचं नाही. वजनाचं कोणीतरी काढतंच, तेव्हा सांगा की बऱ्याच जणांनी वजन केलेलंच नसतं, त्यांना पट्टा किती भोकं आत गेला ते विचारायचं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक (पेनकिलर, याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो) घेतो का, शौचाला डांबरासारखं काळं होतं का (पोटात रक्त जात असल्याची खूण), आणि हे आयर्न सुरू करायच्या आधी विचारायचं कारण आयर्ननेही काळंच होतं, मग काही कळत नाही. (छातीखाली दुखतंय आणि घाम येतोय असा पेशंट असेल तर हार्ट अटॅक असू शकतो म्हणून आधी ईसीजी, हे प्रत्येक सेशनला सांगायचंच.)

आता रिपोर्ट दाखवा, हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६८, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा), तिन्ही कमी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येकाने आपलं प्रिस्क्रिप्शन आधी चिठ्ठीवर लिहायचं, नाहीतर सीनियर बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. बऱ्याच चिठ्ठ्यांवर आयर्नचं टॉनिक निघतं, आणि त्यावरच खरी चर्चा होते: पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत आयर्न कमी असेल तर पोटातून रक्त जातंय का हे शोधावंच लागतं.

मग एंडोस्कोपीचा रिपोर्ट द्या, "सौम्य गॅस्ट्रायटिस" (जठराच्या अस्तराला थोडी सूज). झालं का? नाही, एवढ्याने ८.९ होत नाही, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायची, आणि आपल्या केसमध्ये उजव्या कोलनमध्ये (मोठ्या आतड्यात) गाठ निघते. तिथे आतडं रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे अडथळा उशिरा येतो, रक्त डोळ्याला दिसत नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. हे फळ्यावर चित्र काढून समजवा.

शेवटी सगळ्यांकडून रेफरल चिठ्ठी (पेशंटला मोठ्या डॉक्टरकडे पाठवताना द्यायची) लिहून घ्या, हिमोग्लोबिन तारखेसकट, वजन, कुठली पेनकिलर, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. "पोटदुखी, कृपया बघावे" एवढंच लिहिलं तर पेशंटला तिकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.