ऑन-कॉलला आहात? मग या चुका टाळा

ऑन-कॉलच्या, म्हणजे सर्व्हर बिघडला की कुठल्याही वेळी धावायच्या ड्युटीच्या, रोस्टरवर नवीन माणूस आला की महिन्याभरात ठरलेल्या चुका होतातच. दहा-बारा वर्षं मी त्याच बघतोय, म्हणून आता लिहूनच काढतो.

सगळ्यात महागात पडते ती एकट्यानेच झुंजत बसण्याची चूक. आमच्याकडे एकदा रात्री दोन दहाला डिस्क भरल्याचा अलर्ट आला. प्रायमरीवरच्या, म्हणजे अलर्ट आधी ज्याला जातो त्या, मुलाची ती पहिलीच ड्युटी. त्याने सगळ्यात मोठी लॉग फाईल (सर्व्हरवर काय घडलं त्याची नोंद) शोधली, ४० जीबीची, आणि उडवली. डिस्क तरीही १०० टक्के. दुसरी उडवली, तरी तेच. लिनक्सवर एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, फाईल उघडी धरलेली असेल तर डिलीट केल्यावर फक्त तिचं नाव जातं. प्रोसेस ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. म्हणूनच अख्ख्या डिस्कची जागा सांगणारी 'डीएफ' कमांड डिस्क भरलेली दाखवते आणि फाईली मोजणाऱ्या 'डीयू'ची बेरीज कमी भरते. सेकंडरीवर, म्हणजे प्रायमरीच्या मदतीला राखीव, असलेल्या बाईंना हे तोंडपाठ होतं आणि त्यांचा फोन चालू होता. पण 'एवढ्यासाठी कशाला उठवायचं' म्हणून पठ्ठ्या पावणेचारपर्यंत एकटाच धडपडला आणि शेवटी सर्व्हर रीबूट केला. जागा सुटली, सेवा सुरू झाली, पण लॉग गेले ते गेलेच. डिस्क कशाने भरली ते कळायला काही उरलं नाही आणि तिसऱ्या रात्री ती पुन्हा भरली.

तेव्हापासून मी घड्याळ लावून बसतो. २० मिनिटांत कारण हाती लागलं नाही, तर सेकंडरीला फोन. मेसेज टाकून वाट बघत बसायचं नाही, थेट फोनच करायचा. सेकंडरी त्यासाठीच रोस्टरवर असते. आणि चालू लॉग फाईल डिलीट करू नका. तिची प्रत दुसरीकडे ठेवा, मग फाईल जागच्या जागी रिकामी करा.

रीस्टार्टचं पण तेच. घाईत असलेल्या प्रत्येकाला तो पहिला उपाय वाटतो. मला त्याची मनापासून चीड आहे, कारण मेमरीत जे काही पुरावे असतात ते त्याबरोबर पुसले जातात. करावा लागतो, मान्य, पण आधी दोन मिनिटं काढून लॉग आणि प्रोसेसची स्थिती जपून ठेवा.

दुसरी मोठी चूक दिवसाढवळ्या होते. 'या आठवड्यात तू ऑन-कॉल' एवढं ऐकून लोक मान डोलावतात. किती मिनिटांत उत्तर द्यायचं? लॅपटॉप कायम जवळ हवा का? रात्रभर जागलं तर सकाळी किती वाजता यायचं? भत्ता की बदली सुट्टी? हे विचारायला संकोच कसला? गुगलच्या एसआरई (सेवा चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांच्या) टीमने आपली पद्धत उघडपणे लिहिली आहे: अतितातडीच्या सेवांसाठी ५ मिनिटं, बाकीच्यांसाठी साधारण ३० मिनिटं, आणि १२ तासांच्या शिफ्टमध्ये जास्तीत जास्त २ इन्सिडेंट, म्हणजे बिघाडाच्या घटना. या मिनिटांवर बरंच काही ठरतं. बेल्जियममधल्या एका अग्निशामकाला घरी असताना बोलावणं आलं की ८ मिनिटांत हजर व्हावं लागे. तो घरी थांबण्याचा वेळही कामाचाच वेळ आहे, असं युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण आकडा लेखी मागा. रिस्पॉन्स टाइम म्हणजे अलर्ट हातात घेण्याची वेळ, प्रश्न सोडवण्याची नव्हे, हेही त्यातच लिहून घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. अलर्ट ॲक्नॉलेज न करता, म्हणजे 'मी घेतला' असं न नोंदवता, कामाला लागू नका, तो पुढच्याला उठवत जातो. फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मधून अलर्टच्या ॲपला वगळा. व्हीपीएनचा (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीचा) पासवर्ड कधी संपतो ते ड्युटीच्या आदल्या दिवशी बघा. एका वेळी एकच बदल करा. लॉगमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे का, हे आधी तपासा, नाहीतर भलत्याच तासाचे लॉग चाळत बसाल.

आणि त्रास देणारा अलर्ट म्यूट करताना मुदत घाला. मी चार तासांपेक्षा जास्त कधीच देत नाही, आणि ड्युटी सोपवताना म्यूट केलेल्या अलर्टची यादी पुढच्या माणसाला स्वतः वाचून दाखवतो.