किशोरवयीनांसाठी पुस्तकं घेताय? या चुका टाळा

सातवी-आठवीपर्यंत नेमाने येणारी मुलं अचानक यायची बंद होतात, ही तक्रार गावोगावच्या वाचनालयांत ऐकू येते. मोबाइलला दोष देण्याआधी आपली कपाटं उघडून बघा.

चौदा वर्षांच्या मुलीला बालविभागात बसायची लाज वाटते. मोठ्यांच्या कादंबरीला हात लावला, तर काउंटरवरून ‘ते तुझ्या वयाचं नाही’ ऐकावं लागतं. मग तिने जायचं कुठे? वेगळी खोली नको, बालविभागापासून लांब एक उघडा रॅक पुरे. कुलूपबंद कपाटातलं पुस्तक मुलं मागून घेत नाहीत.

खरी गफलत खरेदीत होते. मुलांनी काय वाचावं हे आपणच ठरवतो आणि थोरांची चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास असले संच घेतो. अशा एका संचातल्या, पुस्तक घरी नेताना तारखेचा शिक्का मारायच्या चिठ्ठ्या मी स्वतः उलटून पाहिल्या. बहुतेक कोऱ्या. शेजारच्या भयकथेची चिठ्ठी मात्र शिक्क्यांनी भरून वर दुसरी चिकटवलेली, पानं सुटलेली. मागणी डोळ्यांसमोर होती, आम्ही पाहिली नाही. खूप वाईट वाटलं.

‘काय वाचायला आवडेल?’ असं मुलांना विचारलं तर ‘काहीही’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा चार-पाच जणांना रॅकपुढे उभं करा आणि नकोशी पुस्तकं बाजूला काढायला सांगा. मग ती भरभरून बोलतात. त्यांचं ऐकून यादी करा. चित्रकथा किंवा इंग्रजी पुस्तकं मागितली तर नाक मुरडू नका.

मालिका अर्धवट घेऊ नका. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशा चार पुस्तकांत भेटतो. पहिलं वाचून झालेल्या मुलाला पुढचं त्याच आठवड्यात हवं असतं.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं. नवा अंक फाइलला लावू नका, टेबलावर मोकळा ठेवा.

आणि बाइंडिंग! पुस्तक आलं की मुखपृष्ठ झाकून जाड पुठ्ठा चढवायची आपली जुनी सवय. टिकाऊपणा मिळतो, पण मुलं पुस्तक उचलतात ते मुखपृष्ठ पाहून. पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घाला, आणि रॅकवर दोन-तीन पुस्तकं तरी कणा नव्हे, चेहरा दिसेल अशी उभी ठेवा.