'फ्रँकेन्स्टाईन' वाचताना आपली सहानुभूती कुठे झुकते ते कसं टिपावं

मेरी शेलीच्या या कादंबरीची १८३१ची आवृत्ती घ्या. १८१८च्या तीन खंडांत प्रकरणांचे आकडे वेगळे पडतात. आधी ११ ते १६ प्रकरणं सलग वाचा, तिथे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईननं घडवलेला जीव स्वतः बोलतो. पंधराव्यात रेंगाळा: आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेनं बोलतो, पण डोळस मुलगा फेलिक्स आत येताच त्याला काठीनं झोडपतो. चेहरा दिसला की माया आटते, हे समासात लिहा. मग पाचव्याकडे वळा. जीवानं डोळे उघडताच व्हिक्टर पळतो. जबाबदारी तिथेच झटकली जाते. नेहमीची चूक म्हणजे त्या जीवालाच फ्रँकेन्स्टाईन म्हणणं. त्याला नावच दिलेलं नाही, एकटेपणाचा याहून बोचरा पुरावा नाही. कणव आली तरी त्यानं केलेला व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, छोट्या विल्यमचा खून वगळू नका. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवा.